भाता, नळी आणि संगणक : घरी घडवलेला पाइप ऑर्गन

रविवारच्या मिस्सात प्रवेशगीत सुरू होण्यापूर्वी कीबोर्डवादक एक बटण दाबतो आणि 'चर्च ऑर्गन' या नावाचा आवाज ध्वनिक्षेपकातून बाहेर पडतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ऑर्गन ऐकला आहे तो असाच. दूरच्या एखाद्या देशातील चर्चमध्ये वाजलेल्या सुरांची मुद्रित प्रत, किंवा त्या सुरांची विजेवर केलेली नक्कल, आपल्या वेदीजवळच्या कर्ण्यातून ऐकू येते. त्यात वावगे काही नाही. कित्येक धर्मग्रामांत त्या एका कीबोर्डावरच गायनवृंद उभा आहे. पण ज्या वाद्याची ही सावली आहे, ते मूळ वाद्य आपल्या हातांनी घडवता येईल काय, असा प्रश्न संगीताची आवड असलेली तरुण मुले अधूनमधून विचारतात. हल्ली त्याला एक शेपूटही जोडलेले असते : संगणक लावला तर ते आपोआप वाजेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. अमेरिका, कॅनडा, युरोप येथील हौशी लाकूडकाम करणाऱ्यांनी आपल्या तळघरात किंवा दिवाणखान्यात लाकडी नळ्यांचे ऑर्गन उभे केले आहेत आणि त्यांतील काहींच्या झडपा संगणकाच्या आज्ञेने उघडतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. त्याकडे आपण ओघाने येऊच.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. मराठी माणसाला 'ऑर्गन' हा शब्द नवा नाही. बालगंधर्वांच्या काळापासून संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन असे, आणि आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत दिसतो, तो पायाने भाता हलवण्याचा, पितळी पत्त्यांचा ऑर्गन होय. रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथील कारागीर उमाशंकर दाते यांनी तर असे ऑर्गन आपल्याकडे नव्याने घडवले आहेत. हार्मोनियम हे त्याच घराण्याचे वाद्य. या दोहोंत हवेच्या झोताने पितळेची पत्ती थरथरते आणि सूर उमटतो. पाइप ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक नळ्यांत पत्ती नसते. तेथे नळीतील हवाच थरथरते. आपल्या जत्रेत मिळणारे अलगूज आठवावे. फुंकर एका बारीक फटीतून जाते, समोरच्या धारेवर आपटते, आणि आतला हवेचा स्तंभ बोलू लागतो. प्रत्येक सुरासाठी एक अलगूज, सर्वांना हवा पुरवणारी एक पेटी, पेटीत हवा भरणारा भाता, आणि कोणत्या अलगुजात हवा सोडायची हे ठरवणारी पट्ट्यांची ओळ, एवढे मनात आणले की पाइप ऑर्गन समजला. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्तेसिबिओस याने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला, तेव्हापासून या कल्पनेत मूलभूत फरक पडलेला नाही. आपल्या ठाणे-पालघरच्या वारली बांधवांचा तारपा पाहा. त्यात सुकवलेल्या भोपळ्यात हवा साठते आणि पुढच्या नळ्यांना मिळते. नळ्यांत पत्ती असल्याने त्याचा सूर निराळा. पण हवेची कोठी आणि तिला जोडलेल्या नळ्या ही मांडणी तीच आहे.

खरा पाइप ऑर्गन पाहायचा असेल तर लोकल गाडीने मुंबई गाठावी. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आणि फोर्टमधील अँग्लिकन परंपरेच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहेत. ख्रिस्तसभेने या वाद्याला दिलेले स्थान वाचकांना ज्ञात असेलच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानाच्या १२०व्या परिच्छेदात लॅटिन ख्रिस्तसभेतील परंपरागत वाद्य म्हणून पाइप ऑर्गनचा विशेष आदराने उल्लेख आहे. त्याच परिच्छेदात, स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने, उपासनेस साजेशी अन्य वाद्येही स्वीकारता येतात असेही सांगितले आहे. आपला तबला आणि पेटी वेदीजवळ बसले ते याच दारातून. तेव्हा ऑर्गन नसेल तर उपासना उणी पडते, असे कोणी समजू नये.

परंतु 'असा ऑर्गन म्हणजे युरोपातील श्रीमंत कॅथेड्रलचे काम, आपल्या उष्ण आणि दमट मुलखात गरीब धर्मग्रामाला तो कसा झेपणार?' ही समजूत मात्र खरी नाही. फिलिपीन्सची राजधानी मनिलाजवळ लास पिन्यास नावाचे गाव आहे. तेथील संत जोसेफच्या चर्चचे धर्मगुरू, ऑगस्टिनियन रेकॉलेक्ट संघाचे फादर दिएगो सेरा, यांनी १८१६ साली ऑर्गन बांधायला घेतला. धातू महाग आणि दुर्मिळ. कळक मात्र मुबलक. त्यांनी कळक तोडून, कीड लागू नये म्हणून समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला आणि मग त्याच्या नळ्या केल्या. १८२४ साली वाद्य पूर्ण झाले. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ कळकाच्या आहेत. भूकंप आणि वादळांनी ते खिळखिळे झाले, पुढे १९७३ ते १९७५ या काळात जर्मनीतील बॉन शहरी क्लाइस या ऑर्गन बांधणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती केली, आणि आज ते पुन्हा वाजते. तेथील हवा आपल्या कोकणपट्टीहून कोरडी नाही, हे ध्यानी घ्यावे.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकूड आणि ते रंधून, सांधून देणारे सुतार आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करणारे आणि पत्रा वाकवणारे कारागीर आहेत. मोटार रिवाइंडिंगची दुकाने तर तिन्ही गावांत सापडतील. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या चार स्थानकांत या वाद्याचे बहुतेक सर्व सामान आणि ते हाताळणारे हात मिळू शकतात. उणीव आहे ती मापे सांगणाऱ्याची. म्हणून थोडी मापे येथे देतो.

पहिल्या प्रयत्नात एकच रांग घ्यावी : चार सप्तके, म्हणजे सर्वांत खालच्या 'सी'पासून वरच्या 'सी'पर्यंत ४९ सूर आणि ४९ नळ्या. नळ्या लाकडी, चौकोनी आणि वरच्या टोकाला दट्ट्या बसवून बंद केलेल्या असाव्यात. बंद नळीचा मोठा फायदा असा की ती उघड्या नळीच्या निम्म्या लांबीत तोच सूर देते. हिशेब सोपा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. पेटीच्या मधल्या 'सी'ची, म्हणजे पांढरी एकची, कंपनसंख्या सेकंदाला २६१.६ आहे. बंद नळीची लांबी ध्वनिलहरीच्या एक-चतुर्थांश असते, ३४९ला २६१.६च्या चौपटीने भागले की सुमारे ३३ सेंटिमीटर येतात. ४९ नळ्यांतील सर्वांत खालचा सूर ६५.४ कंपनांचा, त्याची नळी सुमारे १ मीटर ३३ सेंटिमीटर. सर्वांत वरचा १,०४६ कंपनांचा, त्याची नळी जेमतेम ८ सेंटिमीटर. मुखाच्या परिणामामुळे प्रत्यक्षातली लांबी याहून थोडी कमी लागते. म्हणून नळी जरा लांब कापावी आणि दट्ट्या आत सरकवून सूर जुळवावा. तेवढ्यासाठीच दट्ट्याला मऊ चामड्याची गुंडाळी हवी : हाताने सरकेल इतकी सैल, पण हवा निसटणार नाही इतकी घट्ट.

रुंदीचा नियम वेगळा आहे. सप्तक वर गेल्यावर लांबी निम्मी होते म्हणून रुंदीही निम्मी केली तर वरचे सूर चिरके लागतात. जुन्या कारागिरांच्या अनुभवानुसार रुंदी सुमारे सोळा-सतरा सुरांनंतर निम्मी करावी. मधल्या 'सी'ची नळी आतून साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर खोल घेतली की ठीक जमते. तेथून दोन्ही दिशांना हिशेब करावा.

नळीचा जीव तिच्या मुखात असतो. खालच्या पायातून हवा येते, एक ठोकळा तिला अडवतो, आणि ठोकळा व पुढची फळी यांच्यामधील एक मिलिमीटरहून अरुंद फटीतून ती पातळ पडद्यासारखी वर जाते. समोर वरचा ओठ असतो, पटाशीने तिरका तासून धार दिलेला. फट आणि ओठ यांच्यामधील अंतर नळीच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शापासून सुरू करावे आणि कणाकणाने वाढवावे. अंतर फार कमी राहिले तर बंद नळी आपला मूळ सूर सोडून एकदम वर, एका सप्तकापलीकडच्या पंचमावर उडी मारते. फार वाढले तर सूर मंद होऊन नुसती हवा फुसफुसते. तासलेले लाकूड परत लावता येत नाही, त्यामुळे घाई नको. पहिली नळी नीट बोलू लागेपर्यंत एक-दोन नळ्या चुलीत जाणार, असे गृहीत धरूनच लाकूड आणावे! लाकूड मात्र पक्के वाळलेले हवे, सांधे गोंदाने पूर्ण बंद हवेत, आणि आतील बाजूस पॉलिशचा हात हवा. सच्छिद्र भिंतींची नळी कधीच स्वच्छ बोलत नाही.

यानंतर हवा. हौशी माणूस बहुधा येथे चुकतो, कारण त्याला वाटते जोराची हवा म्हणजे मोठा आवाज. ऑर्गनला जोराची नव्हे, स्थिर हवा लागते. दाब मोजायला पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरावे. एका टोकाला ऑर्गनची हवा लावली की दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तोच दाब. घरगुती ऑर्गनला ६० मिलिमीटर पुरेत. हा दाब पंख्याने नव्हे, भात्यावरील वजनाने ठरतो. पंखा भाता फुगवतो, वर ठेवलेले वजन हवेला सारखे दाबून ठेवते. भात्याची वरची फळी ६० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद असेल, तर ६० मिलिमीटर दाबासाठी फळी धरून साडेएकवीस किलो वजन लागते. विटा मोजून ठेवल्या तरी चालते. भाता भरला की पंख्याकडून येणारी हवा आपोआप अडेल अशी झडप हवी, नाही तर मोठ्या स्वरसमूहानंतर भाता वर उसळतो आणि सूर डळमळतो. व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ती हवा देते, परंतु तिचा गोंगाट एवढा असतो की धर्मगुरूंचे प्रवचन ऐकू येणार नाही; ती वापरायचीच असेल तर भिंतीपलीकडे, जाड पेटीत बसवून लांब नळाने हवा आणावी. मोठ्या पात्याचा, कमी वेगाचा पंखा केव्हाही बरा.

आता झडपा, आणि त्यांच्याबरोबर संगणक. जुन्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी काड्या आणि तारा यांच्या साखळीने थेट नळीखालची झडप ओढली जाई. ती यंत्रणा सुंदर, पण नेमकी बसवायला पिढीजात कसब लागते. घरी घडवणाऱ्याचे काम संगणकामुळे सोपे झाले आहे ते नेमके येथे. प्रत्येक नळीखाली एक लहान विद्युतचुंबक आणि त्याने उघडणारी, चामडे व नमदा लावलेली झडप. चुंबकाला किती जोर हवा? दोन सेंटिमीटर चौरस झडपेवर ६० मिलिमीटर दाबाची हवा सुमारे २४ ग्रॅमचा भार टाकते. त्यात स्प्रिंगचा जोर मिळवावा. म्हणजे काम तसे थोडेच आहे. खालच्या मोठ्या नळ्यांना मोठे भोक लागते, तेथे चुंबकही थोडा दांडगा घ्यावा.

पट्टीपासून चुंबकापर्यंतचा निरोप असा जातो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डना 'मिडी' नावाची जोडणी असते. ही १९८३ सालापासून चालत आलेली, सर्व कंपन्यांनी मान्य केलेली सुरांची सांकेतिक भाषा होय. तीत आवाज जात नाही, फक्त बातमी जाते : अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, अमुक सोडली. मधला 'सी' म्हणजे क्रमांक ६०. आपल्या ४९ नळ्या म्हणजे ३६ ते ८४. एक बातमी पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. आर्डुइनोसारखा हातावर मावणारा छोटा संगणक ती बातमी वाचतो. त्याच्याकडे ४९ तारा जोडायला जागा नसते, म्हणून '७४एचसी५९५' जातीच्या सात चिप एकामागे एक जोडतात. प्रत्येक चिप आठ तारा सांभाळते. त्यांच्यापुढे 'यूएलएन २८०३' जातीच्या आणखी सात चिप, कारण चुंबकाला लागणारा प्रवाह पहिल्या चिपला झेपत नाही. चुंबकाचा प्रवाह तोडताना उलट दिशेने विजेचा झटका येतो आणि चिप जळू शकते. या दुसऱ्या चिपमध्ये तो झटका जिरवणारे डायोड आतच असतात. मात्र त्यांची सामाईक तार वीजपुरवठ्याच्या धन टोकाला जोडायला विसरू नये. एका चुंबकाला पाव अँपिअर धरले तर दहा बोटांना अडीच अँपिअर लागतील, त्याच्या दुप्पट क्षमतेचा पुरवठा घ्यावा. येथपर्यंतचे काम अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्याला सहज जमेल.

एक खोड सांगून ठेवतो. पट्टी सोडल्याची बातमी वाटेत हरवली, किंवा झडपेत कचरा अडकला, तर नळी वाजतच राहते. प्रभुभोजनानंतरच्या शांततेत एकच नळी रडत बसली तर काय होईल, याची कल्पना करावी. सर्व झडपा एकदम बंद करणारे एक बटण वादकाच्या डाव्या हाताशी हवेच, आणि भात्याची हवा सोडून देणारी एक साधी दोरीसुद्धा असावी.

संगणकाचा आपल्या गायनवृंदाला विशेष उपयोग होईल असा एक गुण म्हणजे पट्टी बदलणे. मराठी भक्तिगीत गाणारा गायक आज काळी एकमध्ये गातो, उद्या घसा बसला म्हणून पांढरी एकमध्ये. एरवी वादकाला सगळे गीत नव्या पट्ट्यांवर उतरवावे लागते. येथे आलेल्या क्रमांकात एक वाढवायचा की वजा करायचा, एवढे संगणकाला सांगितले की झाले. दुसरा उपयोग आधारस्वराचा. षड्ज-पंचमाच्या दोन नळ्या दाबून ठेवल्या की सूर न तुटता चालू राहतो. हार्मोनियमवर भात्याच्या हेलकाव्याने जी थरथर येते ती येथे नाही. आमच्या मते मराठी गीतांना ऑर्गन शोभेल तो असा, संथ आणि कमी सुरांत. तबल्याच्या द्रुत लयीमागे ऑर्गन पळवू नये. त्या कामाला पेटीच उत्तम.

हवामानाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि नळीचा सूर चढतो, अंशामागे अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांश. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात चर्चमध्ये १८ अंश असतील आणि मे महिन्यातील दुपारच्या लग्नाला ३६ अंश, तर तीच नळी जवळजवळ पाव स्वर, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराने, चढलेली असेल. सर्व नळ्या बरोबरच चढतात म्हणून ऑर्गन एकटा वाजला तर कानाला खटकत नाही. पण शेजारी हार्मोनियम असेल तर तिच्या पितळी पत्त्या आपल्या जागी राहतात आणि दोघांची फारकत होते. ऑर्गन आणि पेटी एका गीतात वाजवायची असल्यास ऋतुमानाप्रमाणे दट्ट्ये सरकवावे लागतील. ४९ नळ्यांना एक संध्याकाळ पुरते.

पावसाळ्यात लाकूड फुगते, झडपेचे चामडे ओशट होते, आणि वीज जाते. विजेबरोबर पंखा आणि संगणक दोन्ही गप्प होतात, म्हणून भात्याला हाताने चालवायचा दांडा आणि चुंबकांना बॅटरी ठेवणे शहाणपणाचे. शिवाय उल्हास नदी आपल्या उशाशी आहे. २६ जुलै २००५चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तेही सर्वांनी पाहिले. सखल जागी पंखा आणि वीजपुरवठा जमिनीवर ठेवू नये, ही सूचना येथे केवळ औपचारिक नाही. गायनवृंदाचा सज्जा असेल तर जागा तेथेच. फक्त सज्जाला ते वजन पेलेल की नाही हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेला प्रश्न. पट्टी दाबल्याची बातमी ज्या वाटेने येते त्याच वाटेने ती संगणकात साठवलेल्या धारिकेतूनही येऊ शकते. मग झडपा उघडतील, नळ्या बोलतील आणि पट्ट्यांपुढचे बाक रिकामे असेल. अनेक धर्मग्रामांत वाजवणारे तरुण पाळीच्या नोकरीमुळे रविवारी मोकळे नसतात, म्हणून ही सोय आकर्षक वाटते. परंतु ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार संगणक घरोघरी येण्यापूर्वीच केला होता. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोममधील विधिविषयक मंडळाने पवित्र संगीत आणि उपासना या विषयावर जी सूचनापत्रिका काढली, तिच्या ७१व्या परिच्छेदात आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिमुद्रक अशी यंत्रे उपासनाविधीत वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. त्याच पत्रिकेने विजेवरील इलेक्ट्रॉनिक ऑर्गनला तात्पुरती मुभा दिली होती, तीसुद्धा लहानसा पाइप ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथे आणि धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने. पत्रिका महासभेपूर्वीची आहे आणि नंतर बरेच बदलले. पण तिच्यामागील विचार समजण्यासारखा आहे : उपासनेतील संगीत हे त्या वेळी, तेथे हजर असलेल्या माणसाने केलेले अर्पण होय. यंत्र दोघांतही आहे, यात शंका नाही. पट्टीवर बोट असलेला ऑर्गन आणि धारिकेवर चालणारा ऑर्गन यांचा आवाजही तंतोतंत सारखा येईल. धर्मगुरू अर्पणविधी करताना थोडे थांबले तर वादक त्यांच्याबरोबर थांबतो, भाविकांचा आवाज खचला तर एक ओळ पुन्हा घेतो. धारिका पुढे निघून जाते.

तेव्हा आमचे मत असे की संगणकाला झडपा उघडू द्याव्यात, वाजवू देऊ नये. साठवलेले सूर शनिवारच्या सरावाला खुशाल वापरावेत. वादकाने स्वतःचे वादन साठवून, खाली बाकावर बसून, ते भाविकांच्या कानांनी ऐकण्यासारखा दुसरा शिक्षक नाही. उपवासकाळात ऑर्गन केवळ गायनाच्या आधारापुरता वाजवावा, आनंदाचा रविवार आणि मोठे सण सोडून, असा उपासनेचा नियम आहे. तो पाळायलाही पट्ट्यांपुढे माणूसच लागतो.

कोणाला हात घालायचा असेल तर त्याने ४९ नळ्यांचा विचार आधी करू नये. मधल्या 'सी'ची एक बंद नळी करावी. तोंडाने हळू फुंकली तरी ती बोलते. ती बोलली की तिच्या शेजारच्या बारा कराव्यात, एका सप्तकाची पेटी जोडावी आणि घरीच वाजवून पाहावी. चर्चमध्ये आणण्यापूर्वी धर्मगुरूंची आणि धर्मप्रांताच्या उपासना विभागाची संमती घ्यावी. ऑर्गनच्या आशीर्वादासाठी ख्रिस्तसभेचा स्वतंत्र विधी आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १३ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे एका नव्या ऑर्गनला असा आशीर्वाद दिला होता. जर्मन भाषिक देशांतील पद्धतीप्रमाणे विधी चालवणारे धर्माधिकारी ऑर्गनला उद्देशून एकेक आवाहन करतात, आणि प्रत्येक आवाहनानंतर ऑर्गन सुरांत उत्तर देतो. ते उत्तर आधी लिहून ठेवलेले नसते. बाकावर बसलेला वादक ते त्या क्षणी रचतो.